नेमबाजीची एअर रायफल : निवड आणि निगा

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले. त्यापूर्वी तेजस्विनी सावंत २०१० मध्ये, तर ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये जगज्जेता ठरला होता. अशा यशामुळे मुलामुलींची पावले नेमबाजी केंद्रांकडे वळतात आणि पालकांपुढे प्रश्न उभा राहतो तो रायफलच्या खरेदीचा. बहुतेकांची सुरुवात १० मीटर एअर रायफलने होते. परदेशी बनावटीच्या स्पर्धात्मक रायफलची किंमत लाखांच्या घरात असल्याने येथे घाई परवडत नाही.

या प्रकारात ४.५ मिलिमीटर व्यासाची शिशाची पेलेट वापरली जाते. लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. रायफलचे पुढचे टोक दशांश मिलिमीटरने जरी ढळले, तरी दहा मीटरवर पेलेट मिलिमीटरहून अधिक सरकते, म्हणजे जवळजवळ अर्धा गुण जातो. म्हणूनच रायफल किती नामवंत कंपनीची आहे, यापेक्षा ती खेळाडूच्या शरीराला किती बेतशीर बसते, याला महत्त्व आहे. एकापाठोपाठ एक गोळ्या झाडणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलींना ऑलिंपिक रायफल प्रकारांत स्थान नाही. दर वेळी एकच पेलेट भरावी लागते.

नियमानुसार एअर रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत चालते. मात्र अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती एवढे ओझे दिल्यास त्याच्या कंबरेवर ताण येतो आणि चुकीची ढब अंगवळणी पडते. मुलांसाठी कमी वजनाच्या रायफली मिळतात. दस्त्याची लांबी, गाल टेकण्याच्या पट्टीची उंची आणि खांद्यावरील टेकूची जागा बदलता येते की नाही, हे आधी पाहावे. वाढत्या वयात तीच रायफल दोन-तीन वर्षे अधिक चालते. कोणता डोळा प्रबळ आहे, हेही तपासावे. दोन्ही तळव्यांच्या मध्ये लहान फट ठेवून दूरची वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच दिसत राहते, तो प्रबळ. उजव्या हाताच्या पण डाव्या डोळ्याच्या खेळाडूला डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावता येते किंवा डावखुरी रायफल घ्यावी लागते. हा निर्णय प्रशिक्षकावर सोपवावा. पहिले काही महिने केंद्रातील रायफल वापरणेच श्रेयस्कर.

जुनी रायफल घेताना सर्वांत आधी पाहावी ती हवेच्या सिलिंडरवरील तारीख. उत्पादनापासून जास्तीत जास्त दहा वर्षे सिलिंडर ग्राह्य धरला जातो आणि मुदतीची जबाबदारी खेळाडूचीच असते. स्वस्तात मिळालेल्या रायफलसाठी नवा सिलिंडर घ्यावा लागला, तर सगळे गणितच फिरते. अनेक सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरली जाते, काहींत ३००; त्यावर छापलेली मर्यादा ओलांडू नये. ऑक्सिजन तर चुकूनही भरू नये, स्फोट होऊ शकतो. हवा सावकाश भरावी आणि सिलिंडर पूर्ण रिकामा होऊ देऊ नये. उन्हात उभ्या मोटारीत तो ठेवणे धोक्याचे.

महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई-कोकणात, रायफलचा खरा शत्रू पावसाळा. हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर ओलावा आत शिरतो. त्यामुळे पंपातील पाणी वेळोवेळी काढून टाकावे. रायफलची पेटी आतून स्पंजाची असते आणि स्पंज दमटपणा धरून ठेवतो. सराव संपल्यावर घामाचे हात लागलेला पोलादी भाग कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि ती अधूनमधून उघडी ठेवावी. तेल नळीत किंवा हवेच्या झडपेत जाता कामा नये. नळीसाठी नमद्याच्या छोट्या गोळ्या मिळतात. त्या पेलेट भरण्याच्या बाजूनेच घालाव्यात. उगाच रोज नळी घासणारे उत्साही नेमबाज तिचे भले करत नाहीत. चापाचे स्क्रू फिरवण्याचा मोहही घरी आवरावा. फार हलका चाप नवशिक्याच्या हाती घातक ठरतो.

पेलेट सपाट तोंडाच्या असाव्यात. त्यांच्या डोक्याच्या व्यासात ४.४९ ते ४.५२ मिलिमीटर असा सूक्ष्म फरक असतो. आपल्या नळीला कोणती मानवते, हे कागदावरील गटावरून ठरवावे आणि त्याच खेपेचे डबे घेऊन ठेवावेत. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

शस्त्र नियम, २०१६ अन्वये .१७७ इंचापर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. म्हणून ती गच्चीवरून पक्ष्यांवर रोखण्याची मुभा मिळते, असे नव्हे. संरक्षित वन्यजीवाची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे. पुढे ५० मीटर प्रकाराकडे वळणाऱ्यास .२२ रायफलसाठी मात्र रीतसर परवाना काढावा लागतो.