खांबी कोठाराचा कोबा
अमेरिकेच्या ग्रामीण भागात जमिनीत पुरलेल्या लाकडी खांबांवर जी कोठारे उभारतात, त्यांतील काँक्रीटची जमीन. छताचा भार खांब पेलतात. त्यामुळे कोब्याची जाडी ठरते ती त्यावर येणाऱ्या वजनावरून. मोटारीसाठी ४ इंच (सु. १० सेंमी.), जड ट्रॅक्टर वा ट्रकसाठी ६ इंच जाडी सर्वसाधारणपणे धरतात. वाकून तडकण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ४ ऐवजी ५ इंच घेतल्यास काँक्रीट २५% जास्त लागते, ताकद मात्र सु. ५६% वाढते. इथे हात आखडण्यात शहाणपण नाही. कडेला ‘दोन बाय चार’ इंची म्हणवल्या जाणाऱ्या फळ्या लावून ओतलेला ‘४ इंची’ कोबा पुष्कळदा साडेतीन इंचच भरतो, कारण रंधा मारलेल्या फळीची रुंदीच तेवढी असते. खालचा खडीचा थर नीट ठोकलेला नसेल, तर जाड कोबाही तडकतो.