पथ्यपाणी आणि एक टेलिफोन

मधुमेहाचा इतिहास म्हटलं की आपल्याला टोरांटो आठवतं. १९२१ सालचा बँटिंग आणि बेस्ट यांचा इन्शुलिनचा शोध, जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला दिलेलं पहिलं इंजेक्शन, आणि विद्यापीठाला नाममात्र किमतीत देऊन टाकलेलं पेटंट. गोष्ट सुंदर आहे, खरीही आहे. पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. मरणारा माणूस जगायला लागला आणि प्रश्न आला, आता रोज काय करायचं?

याचं उत्तर बोस्टनच्या डॉ. इलियट जॉस्लिन यांनी इन्शुलिनच्याही आधी शोधायला घेतलं होतं. १९१८ साली त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी मिळून एक पुस्तक लिहिलं. रुग्णानेच आपला आजार शिकून घ्यायचा, हा त्या काळात फार धाडसी विचार होता. आहार, व्यायाम आणि इन्शुलिन हे तीन घोडे आणि रुग्ण हा सारथी, असं ते सांगत. पुढे त्यांनी २५ वर्षं गुंतागुंत न होता काढणाऱ्या रुग्णांना पदकं द्यायला सुरुवात केली.

पदक मिळालेल्याला किती आनंद झाला असेल! पण ज्याला मिळालं नाही त्याचं काय? पदक म्हटलं की जिंकणं आलं, आणि जिंकणं म्हटलं की हरणंही आलं. पाय कापावा लागला, नजर गेली, तर पथ्य पाळलं नसणार, असं बोलायला जग मोकळं. तेव्हाचं पथ्यपाणी म्हणजे काय होतं बघा. काचेची सिरिंज उकळायची, सुई घासून धार लावायची, अन्न तोलायचं, लघवीत रसायन घालून रंग तक्त्याशी ताडून बघायचा. याला स्टोव्ह लागतो, तराजू लागतो, वाचता यावं लागतं आणि सगळ्यात महाग म्हणजे मोकळा वेळ लागतो. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरात ही शिस्त कुठून आणायची?

हा प्रश्न उलटा करून विचारला गेला तो लॉस एंजेलिसच्या काउंटी हॉस्पिटलमध्ये. खिशात पैसे नसलेल्यांचं हे सरकारी हॉस्पिटल. डॉ. लिओना मिलर यांच्याकडे मधुमेहाचे सुमारे ६,००० रुग्ण होते. नुसती औषधं संपली म्हणून लोक तासन् तास रांगेत बसायचे, नाहीतर यायचेच नाहीत आणि शेवटी बेशुद्धावस्थेत आणले जायचे. मिलर यांनी रुग्णांना उपदेश वाढवला नाही. त्यांनी वाटेतले अडथळे काढले. एक टेलिफोन ठेवला. शंका असेल तर फोन करा, उलट्या होतायत तर फोन करा, औषध संपलं तर फोन करा. पलीकडे प्रशिक्षित नर्स असे. तपासणीचं बरंचसं कामही नर्सकडे सोपवलं.

१९७२ साली मिलर आणि जॅक गोल्डस्टीन यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याचा हिशोब मांडला. डायबेटिक कोमाचे रुग्ण वर्षाला ३०० वरून १०० वर आले. क्लिनिकचे रुग्ण दुप्पट झाले, तरी दर रुग्णामागे इमर्जन्सीच्या खेपा निम्म्या झाल्या. वाचलेले पैसे १७ ते ३४ लाख डॉलर! ही फक्त आधी-नंतरची तुलना, हे मान्य. पण माणसं तीच होती, गरिबीही तीच होती. बदललं होतं ते हॉस्पिटल.

गंमत म्हणजे त्याच सुमारास, १९६९ साली, रिचर्ड बर्नस्टाईन नावाच्या मधुमेही इंजिनियरने घरी रक्तातली साखर मोजायला सुरुवात केली. यंत्र फक्त डॉक्टरांना मिळायचं, म्हणून त्याने डॉक्टर असलेल्या बायकोच्या नावावर ते घेतलं. किंमत सुमारे ६५० डॉलर! आज घरोघरी दिसणाऱ्या ग्लुकोमीटरचा हा एक मूळपुरुष. इतिहासाने हे यंत्र लक्षात ठेवलं, टेलिफोन मात्र विसरला.

आपल्याकडे आता आशाताई तिशीच्या वरच्या माणसांचे फॉर्म भरतात, सरकारी केंद्रात साखर तपासली जाते, गोळ्याही मिळतात. हे मोठंच काम आहे. पण ऊसतोडीला सहा महिने गाव सोडून गेलेल्या बाईच्या गोळ्या फडावर संपल्या, तर तिने कोणाला विचारायचं? मोबाईल तर तिच्या हातात असतो. पलीकडे तिचं नाव, तिचा आजार माहीत असलेलं कोणी आहे का, एवढाच प्रश्न आहे.

तिने पथ्य पाळलं नाही, असं म्हणण्याआधी निदान हा प्रश्न तरी आपण विचारावा.