जॉबर ते रेफरल : ओळखीच्या नोकरीचा इतिहास



चाळिशीतल्या आपल्या माणसाची खासगी नोकरी गेली की त्याला पहिला सल्ला मिळतो, "नेटवर्किंग कर." तो पन्नास ठिकाणी अर्ज टाकून बसलेला असतो, आणि त्याच्याच टेबलाशेजारच्या सहकाऱ्याला मामाच्या मित्राच्या एका फोनवर मुलाखत मिळते. हे नेटवर्किंग नवे आहे असे कोणी सांगत असेल तर आम्ही मानत नाही. मुंबईच्या गिरण्यांत त्याचे नाव जॉबर होते.

गिरणीत कामगार मालक भरत नसे, जॉबर भरी. तो आपल्या गावचा, आपल्या भावकीतला माणूस आणी आणि वर दस्तुरी घेई. आपली माणसे गिरणीत होती, पण बहुतेक सूतकताईच्या खात्यांत. पगार जास्त होता विणकाम खात्यात. तिथे कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा स्पृश्य विणकराला चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. पुढाऱ्यांना मालक दिसत होता, धोटा दिसत नव्हता.

आपली स्वतःची साखळी एकच होती, पलटणीची. आजा सैनिक, बाप सैनिक, म्हणून पोरगा सैनिक. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली आणि ती साखळी तुटली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळेंनी भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. पहिल्या महायुद्धातला थोडा काळ सोडला, तर दार उघडायला १९४१ साल आणि महार रेजिमेंट यावी लागली.

१९४२ मध्ये बाबासाहेब मजूरमंत्री झाले. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. त्यांच्याच खात्याच्या काळात, युद्धातून परतणाऱ्यांसाठी, सरकारी रोजगार विनिमय केंद्रांचे जाळे उभे राहू लागले. रिकामी जागा सगळ्यांना कळली पाहिजे, ही त्यामागची कल्पना जॉबरच्या मुळावर येणारी होती. पण १९५९ च्या कायद्यात पळवाट राहिली : २५ किंवा जास्त कामगारांच्या खासगी आस्थापनेने जागा कळवायची होती, मात्र केंद्राने पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे असे बंधन नव्हते. आपल्या किती बापांनी ते कार्ड वर्षानुवर्षे नूतनीकरण करून जपले!

जाहिरात निघाली तरी काय होते, तेही मोजले गेले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आला : दलित आडनावाला बोलावणे कमी. ही जाहिरातीतल्या जागांची गोष्ट. जाहिरातच न निघणाऱ्या जागांचे काय?

आपल्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, ओळख सांगणे म्हणजे लाचारी. आम्हाला हे पटत नाही. १९१७ मध्ये बडोद्याहून अपमानित होऊन परतलेल्या बाबासाहेबांनी शेअरबाजाराच्या सल्ल्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक बंद झाले. पुढच्या वर्षी सिडनहॅम कॉलेजची जागा निघाली तेव्हा लंडनमध्ये लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी झालेली ओळख उपयोगी पडली, असे कीरांच्या चरित्रात येते. त्याआधी केळुस्कर गुरुजींनी सयाजीरावांकडे शब्द टाकला होता. पदव्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. ओळखीने दार उघडले, आत बसवले नाही. वशिला लायकी नसलेल्याला बसवतो. हा फरक आपण पोरांना शिकवलेलाच नाही.

गेल्या वर्षी आमच्या विहारात रविवारी एक वही ठेवली. कोण कुठे, कोणत्या खात्यात काम करतो आणि तिथे भरती कोण करते, एवढेच त्यात लिहायचे. त्रेचाळीस वर्षांचा एक भाऊ, अठरा वर्षे एकाच कंपनीत काढलेला, तीन रविवार नुसता वही चाळून गेला. मागायची सवयच नव्हती. चौथ्या रविवारी त्याने फोन लावला तो नोकरी मागायला नाही, तर "तुमच्याकडे हे काम कसे चालते?" एवढे विचारायला. पलीकडचा माणूस चाळीस मिनिटे बोलला. त्याच संध्याकाळी भावाने स्वतःचे नाव वहीत लिहिले, जुन्या कंपनीच्या रकान्यात. तिथल्या भरतीची रीत त्याच्याइतकी आमच्यात कोणालाच माहीत नव्हती.