लाकडावरचा वेल

मल्लखांबावर चढण्याआधी लाकडाला एरंडेलाचा हात दिला जातो. तेलाचे प्रमाण जमायला वेळ लागतो. तेल जास्त झाले तर अंग घसरते, कमी पडले तर मांड्यांची कातडी सोलवटते. मग खांबाला नमस्कार, एक उडी, आणि दोन्ही हातांनी खांब धरून खेळाडू कंबर वर फेकतो. डोके खाली, पाय वर. मांड्या लाकडावर घट्ट आवळल्या जातात आणि हात सुटतात. ही साधी अढी, शिकण्यातली पहिली पायरी. त्या क्षणी मांड्या सगळा भार पेलत असतात आणि त्याच क्षणी पाठ धनुष्यासारखी मागे वाकलेली असते. आवळणे आणि सैल सोडणे एकाच शरीरात, एकाच वेळी.

हल्ली लवचीकपणा ही व्यायामाची पुरवणी समजली जाते. वजने उचलून झाली की उरल्या वेळात थोडे ताणून घ्यायचे. ज्या पैलवानांनी हा खांब आखाड्यात रोवला, त्यांच्या हिशेबात मात्र लवचीकपणा बळाचाच भाग होता. कुस्तीत खाली सापडलेल्या मल्लाला मानेवर पूल करून पाठ मातीपासून वर ठेवावी लागते, पकडीतून अंग पिळून निसटावे लागते. नुसत्या पिळदार दंडांनी हे होत नाही. त्यासाठी असा जोडीदार हवा, जो थकत नाही, हलत नाही आणि दयाही दाखवत नाही. खांबाच्या काही भागांची नावेही माणसाच्या शरीरावरून आलेली दिसतात: सर्वांत वर बोंड, त्याखाली मान, त्याखाली अंग. शिसवी किंवा सागवानी लाकडाचा हा मल्ल जमिनीवर अडीच मीटरांहून थोडा उंच असतो. तो वाकत नाही, म्हणून माणसाला वाकावे लागते.

ही युक्ती जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या तयारीच्या वर्णनात खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख सापडतो. पुढच्या काही शतकांत ही विद्या मागे पडली आणि पेशवाईच्या अखेरीस तिला पुन्हा उजाळा मिळाला, तो बाळंभटदादा देवधर यांच्यामुळे.

त्यांची गोष्ट आखाड्यांतून तोंडोतोंडी आलेली आहे. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आले आणि त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा बाळंभटदादांनी मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगगडावर जाऊन उपासना केली. तिथे त्यांना मारुतीचा दृष्टांत झाला आणि लाकडाच्या खांबावरचे डाव दिसले, असे सांगतात. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले. गुलाबने लढतच टाळली. यातले ऐतिहासिक किती आणि श्रद्धेचे किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण गोष्टीतला गुरू कोण निवडला आहे ते पाहावे. गदाधारी भीम नाही, झाडावर लीलया खेळणारा वानर.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीराव ब्रह्मावर्तास गेला. बाळंभटदादाही त्याच्याबरोबर गेले. त्यांच्या शिष्यपरंपरेने काशीत आखाडे उभे केले, आणि मराठी पैलवानांची ही विद्या गंगेकाठी रुजली. पुढे बडोद्यात जुम्मादादांच्या आणि प्रो. माणिकरावांच्या आखाड्याने तिला आसरा दिला. त्याच बडोद्यातून द. चिं. मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. गुरूच्या तोंडी असलेली विद्या कागदावर आणण्याचे हे काम मोठ्या मोलाचे आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवून आले. १९८१ मध्ये मल्लखांबाचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कात या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

या प्रवासात सर्वांत सुंदर वळण आले ते वेतामुळे. पुरलेल्या खांबाबरोबर टांगलेल्या वेतावरही कसरती होत. चांगला वेत दुर्मिळ झाला तशी त्याची जागा सुती दोरीने घेतली. वेताला स्वतःचा थोडा ताठपणा तरी होता. दोरीला तोही नाही. ती पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून वर सरकायचे, आणि गाठ न मारता, केवळ अंगाभोवती वेढे घेऊन हवेत पद्मासन लावायचे. वेढा चुकला तर दोरी सुटते. मुलींचा मल्लखांब दीर्घकाळ मुख्यतः या दोरीवरच वाढला, आणि पुढे पुरलेला खांबही त्यांच्यासाठी खुला झाला.

खेळातल्या प्रकारांची नावे पाहिली तरी जुन्या उस्तादांची नजर कळते. बळ दाखवणारी नावे त्यात फारशी नाहीत. फिरकी आहे, सुईदोरा आहे, आणि वेल आहे. वेलात खेळाडू खांबाला वळसे घालत वर चढतो, जसा मांडवावर वेल चढावा.

दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात पद्मश्री उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही हा खेळ शिकवला आहे. डोळ्यांनी पाहून नक्कल करण्याची सोय या मुलांना नसते. गुरूचा हात त्यांच्या गुडघ्याला, घोट्याला लागतो, पाय कुठे वळवायचा ते सांगतो आणि बाजूला होतो. पुढचे सगळे लाकूड सांगते: मांडी कुठे बसली, तेल कुठे जास्त झाले, बोंड किती दूर आहे. मग मूल हात सोडते आणि पाठ मागे टाकते.