बियाचं डाळिंब, गुटीचं डाळिंब

सांगोल्याच्या अजनाळ्यापासून मंगळवेढा, पंढरपूर, माळशिरसपर्यंत ‘भगवा’ वाणाच्या डाळिंबाच्या जेवढ्या बागा उभ्या आहेत, त्यांतलं एकही झाड बी रुजून आलेलं नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात निवडलेल्या एका झाडाच्या फांद्यांना मुळं फुटवली गेली. त्या झाडांच्या फांद्यांना पुन्हा मुळं फुटवली, आणि असं होत होत एकाच झाडाचं अंग सोलापूर जिल्हाभर पसरलं. फांदीला मुळं फुटवायच्या या रीतीला आमच्याकडे गुटी म्हणतात. मी सांगोला तालुक्यात विज्ञान शिकवलं. दहावीच्या विज्ञानातला पुनरुत्पादनाचा भाग मी दरवर्षी याच गोष्टीपासून सुरू करायची. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी बाग असायची. अमीबा आणि हायड्रा त्यांनी फक्त चित्रात पाहिलेले, पण गुटी बांधताना सुतळी धरायला सगळेच बसलेले. "म्हणजे बाई, आमची बाग आणि शेजाऱ्याची बाग एकच झाड?" असं कुणीतरी विचारायचंच. हो, एकच. आमच्या भागाचा गेल्या काही दशकांचा इतिहास या एका वाक्यात आहे, वैभवाचाही आणि पडझडीचाही.

डाळिंब इथं नवं नव्हतं. माझ्या लहानपणी माणदेशात बागा नव्हत्या, पण मोरीच्या पाण्यावर वाढलेलं एखादं डाळिंब पुष्कळ घरांमागे असायचं. कुणीतरी फळ खाऊन बी टाकलेलं, ते रुजलेलं. एका घरचं आंबट, दुसऱ्या घरचं फिकं पण गोड, तिसऱ्याचं दाताखाली कचकच वाजणारं. फळापेक्षा सालीलाच मान जास्त, कारण पोराचं पोट बिघडलं की वाळवलेली साल उगाळून द्यायची. कुठल्याही दोन घरांचं डाळिंब सारखं नसायचं. आम्हांला त्याचं नवल वाटत नव्हतं. माणसांची दोन पोरं तरी कुठं सारखी असतात?

बियाच्या झाडांत असा फरक पडतो, म्हणूनच त्यांतून निवड करता येते. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदी वाणाच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून एक झाड निवडलं. ते साल 1936. त्याची बी मऊ होती, दाणा गोड होता. आधी त्याला नुसता क्रमांक होता, पुढे 1970 साली त्याचं नाव ‘गणेश’ ठेवलं गेलं. महाराष्ट्रातल्या डाळिंबाच्या शेतीचा पाया या एका झाडाने घातला. ज्या रोपांची निवड झाली नाही ती गेली. हे एक राहिलं, आणि त्याची बी कुणी लावली नाही. लावली असती तर पुन्हा शंभर तऱ्हा निघाल्या असत्या.

आमच्याकडे बाग आली ती 1990 नंतर. त्या साली राज्याने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली. खड्डे खणण्यापासून रोपं जगवण्यापर्यंत मजुरीचा आधार मिळाला, आणि 1972 चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडून काढला होता त्यांच्या हलक्या, मुरमाड रानात बोर आणि डाळिंब उभं राहिलं. डाळिंबाला भारी काळी जमीन लागत नाही, पाणी थोडं चालतं, आणि पावसाचा ताण तर त्याच्या पथ्यावरच पडतो. ताण दिला की पानं गळतात, मग पाणी सोडलं की सगळं झाड एकदम कळीवर येतं. आंबे, मृग की हस्त, कोणता बहार धरायचा हे विहिरीच्या तळाकडे बघून ठरू लागलं. पुढे ठिबक आलं, परदेशी जाणाऱ्या पेट्या आल्या, अजनाळ्यासारख्या गावात माळावर बंगले उभे राहिले.

माझे वडील, अण्णा, गुट्या बांधण्यात वाकबगार होते. मी कॉलेजात शिकत असताना एकदा त्यांना म्हटलं, एवढी फळं आहेत, बीच लावू. ते म्हणाले, "बी लावून कुठं बाग हुती का? त्यातनं काय निघंल ते कुणाला म्हाईत." पावसाळ्याच्या तोंडाला ते पेन्सिलीएवढी जाड, वर्षाची झालेली फांदी निवडायचे. तिच्यावरची बोटभर रुंदीची साल कडं काढल्यासारखी गोल सोलायची, त्यावर भिजवलेलं शेवाळ दाबायचं, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळायची. महिना-सव्वा महिन्यात कागदातून पांढरी मुळं दिसू लागत. मग गुटीच्या खाली कापून फांदी पिशवीत लावायची.

हे घडतं कसं, ते वर्गात मी सावकाश सांगायची. पानांनी तयार केलेली साखर आणि शेंड्यात तयार होणारं वाढीचं संप्रेरक सालीतून खाली उतरतं. साल तोडली की ते कापाच्या वर साठतं. आतल्या लाकडातून पाणी मात्र वर चढतच असतं, म्हणून फांदी सुकत नाही. साठलेल्या त्या शिदोरीवर आणि शेवाळाच्या ओलाव्यात तिथल्या पेशी मुळांचं रूप घेतात. यात नर नाही, मादी नाही, बीजांड नाही. पेशी दुभंगते, तिची तंतोतंत नक्कल होते. जिवाणू, यीस्ट, आल्याचा कंद, बटाट्याचा डोळा, पानफुटीचं पान, सगळ्यांचा मार्ग हाच. अलैंगिक पुनरुत्पादन म्हणजे काय, हे गुटीइतकं चांगलं मला दुसऱ्या कशानेही शिकवता आलं नाही.

दुसरा मार्ग शिकवायला मी कळ्या मागवायची. डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन तऱ्हेची फुलं येतात. एक घंटेसारखं, बुडाशी निमुळतं. त्यात पुंकेसर भरपूर, पण स्त्रीकेसर खुंटलेला. ही नर कळी, चार दिवस डोलते आणि गळून पडते. दुसरं सुरईसारखं, बुडाशी फुगीर. शेतकरी हिला मादी कळी म्हणतात, तिच्यात दोन्ही भाग धड असतात, आणि फळ धरतं ते हिच्यातच. मधमाशीच्या पायांवरून परागकण कुक्षीवर पडतो, त्याच्यातून नळी फुटते, ती खाली अंडाशयापर्यंत जाते आणि एका बीजांडाला गाठते. प्रत्येक बीजांडाला वेगळा परागकण लागतो. म्हणजे एका फळातले शेकडो दाणे ही शेकडो स्वतंत्र भावंडं असतात, आणि त्यांचे बाप वेगवेगळ्या झाडांवरचेही असू शकतात.

आता दाण्याकडे बघा. आपण जो लाल रसाळ भाग खातो ते बीचं बाहेरचं आवरण. ते आईच्या शरीराचं असतं. आतली टणक बी, तिचं कवचही आईचंच. नवा जीव तो फक्त कवचाच्या आतला इवलासा गर्भ. म्हणूनच भगव्याच्या फुलावर परसातल्या आंबट डाळिंबाचा पराग पडला तरी त्या फळाचा दाणा लाल आणि गोडच राहतो. बापाचा वाटा दिसतो तो ती बी रुजली तरच, आणि बागाईतदार ती कधी रुजवत नाही.

डाळिंबाच्या बहुतेक वाणांत गुणसूत्रांच्या आठ जोड्या असतात. पराग किंवा अंडपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच जातं. कोणतं जाईल, याच्या तऱ्हा होतात 256. माणसाच्या जोड्या 23. त्याच हिशेबाने एका आईच्या किंवा एका बापाच्या पेशीत होऊ शकणाऱ्या तऱ्हा 83 लाख 88 हजार 608. फळ्यावर हा आकडा लिहिला की पंढरीच्या वाटेवरच्या गावांतली ती पोरं एकमेकांकडे बघायची, कारण चौऱ्याऐंशी लक्ष योनी त्यांनी कीर्तनात ऐकलेल्या असायच्या. हा निव्वळ योगायोग आहे, असं मी लगेच सांगायची. तरी तो आकडा त्यांच्या लक्षात राहायचा आणि मला तेच हवं असायचं. यात आईचा आणि बापाचा गुणाकार अजून केलेलाच नाही, आणि जोडीतल्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात तेही धरलेलं नाही. एकाच फलित पेशीतून दुभंगलेली जुळी सोडली, तर तुमच्यासारखं माणूस याआधी झालेलं नाही.

माणसाचा भाग शिकवताना पुष्कळ शाळांत शिक्षक पानं उलटतात आणि 'घरी वाचा' म्हणतात. मी तसं केलं नाही, कारण सांगण्यासारखं सगळ्यांत निकडीचं तिथंच आहे. आईच्या अंडपेशीत एक्स गुणसूत्रच असतं. मुलीचं एक्स की मुलाचं वाय, ते बापाकडून येणाऱ्या शुक्रपेशीवर ठरतं, आणि तिथं कुणाचीही मर्जी चालत नाही. लागोपाठ मुली झाल्या म्हणून सुनेला घालूनपाडून बोलणारी घरं मी पाहिली आहेत. बागेत ज्या माणसाचा जीव मादी कळीसाठी तुटतो, नर कळी वाढली तर जो खताचा आणि ताणाचा हिशेब पुन्हा करतो, त्याच माणसाला घरात मुलगी नको असते. महाराष्ट्राने 1988 साली गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा 1994 चा. तरी डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. लग्नाला मुली मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. लोक बघून हसले. मला हसू आलं नाही. त्या मुलांच्या जन्मवेळी ज्या मुली जन्माला येऊ दिल्या नाहीत, त्यांचा हिशेब त्या दिवशी रस्त्यावर आला होता.

आता पुन्हा बागेकडे. राहुरीत गणेशचा संकर गुलेशाह रेड या रशियन वाणाशी झाला. न उमललेल्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, हवा तो पराग लावायचा, फूल पिशवीत झाकायचं, आणि मग त्या बिया लावून वर्षानुवर्षं झाडं तपासायची, असं हे काम. त्या संततीतून आधी मृदुला आली आणि 2003-04 च्या सुमारास भगवा. भगव्याची साल जाड, रंग केशरी-लाल, टिकाऊपणा मोठा. गणेश आणि आरक्ता हे वाण मागे पडले. 2016 साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर सोलापूरचं डाळिंब म्हणजे भगवाच असं समीकरण झालं होतं.

तेल्या याच काळात बोकाळला. झँथोमोनास जातीच्या जिवाणूचा हा रोग. पानांवर तेलकट ठिपके, फळावर काळे डाग आणि त्यांतून फळ उकलणं. पावसाच्या शिंतोड्यांतून, छाटणीच्या कात्रीतून तो पसरतो. आणि रोगट झाडावर बांधलेल्या गुटीतून तो नव्या बागेत जातो. गावोगाव कुणीही कुणाच्याही बागेतून गुट्या नेत होता, त्यामुळे रोगाला वाहन आयतंच मिळालं. ज्या जिवाणूला एक झाड जमलं, त्याला सगळी जमली, कारण झाड एकच होतं. जगात हे आधी घडलेलं आहे. आयर्लंडमध्ये गरिबाच्या शेतात बटाट्याचा लंपर हा एकच वाण होता, कंदापासून लावलेला. 1845 पासून करपा आला आणि सुमारे 10 लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली. आमच्याकडे माणसं मेली नाहीत, पण कर्ज काढून उभ्या केलेल्या बागा लोकांनी जेसीबी लावून उपटल्या. पुढे 2020 च्या अतिवृष्टीनंतर मर रोग आणि खोड पोखरणारा भुंगेरा आला, तेव्हा सांगोल्यात पुन्हा तेच झालं.

2005 साली सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. जळगावच्या जैन इरिगेशनसारख्यांनी ऊतिसंवर्धित रोपं आणली. ती बाटलीत वाढलेली, रोगमुक्त, म्हणून मोलाची आहेत, पण नक्कलच आहेत. खरा नवा रस्ता केगावने बियातून काढला. भगव्याशी संकर करताना त्यांनी दुसऱ्या बाजूला गणेश, नाना हे शोभेचं बुटकं डाळिंब आणि हिमालयाच्या पायथ्याचं रानटी, आंबटढाण दारू डाळिंब यांचं रक्त घेतलं. त्यातून 2017 साली 'सोलापूर लाल' आणि 'सोलापूर अनारदाना' हे वाण आले. 'सोलापूर लाल'च्या दाण्यात लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व भगव्यापेक्षा जास्त आहे.

बागाईतदाराला मी बी लावायला सांगणार नाही, अण्णांचं म्हणणं धंद्यापुरतं बरोबर होतं. पण गणेश, भगवा, सोलापूर लाल, यांतलं प्रत्येक पहिलं झाड बियातूनच आलं. उद्याच्या तेल्याला पुरून उरणारं झाडही बियातूनच येईल. ते यायचं तर निवडीसाठी तऱ्हा शिल्लक असायला हव्यात. रस्ता रुंदीकरणात, नव्या बांधकामात, जुन्या वाड्यांमागची ती बियाची डाळिंबं भराभर जात आहेत. तुमच्या परसात असं एखादं झाड असेल, फळ आंबट असो की फिकं, पण पानं स्वच्छ राहत असतील, तर त्याला कुऱ्हाड लावू नका. आधी केगावच्या केंद्राला कळवा, आणि गुटी बांधता येत असेल तर त्याचीही एक गुटी बांधून ठेवा.