सुप्रीम कोर्टाने ‘याचिका फेटाळली’ म्हणजे नेमकं काय केलं?

‘सुप्रीम कोर्टाचा दणका, याचिका फेटाळली’ अशी बातमी फोनवर येते आणि ग्रुपवर लगेच चर्चा सुरू होते: बघा, हायकोर्टाचं बरोबरच होतं, आता सुप्रीम कोर्टानेही शिक्कामोर्तब केलं. पुष्कळदा तसं काहीही झालेलं नसतं. कोर्टाने फक्त इतकंच सांगितलेलं असतं की, हे प्रकरण आम्ही ऐकायला घेत नाही.

या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. तो समजण्यासाठी दिवाणी आणि फौजदारी अपिलं दिल्लीत कशी पोहोचतात आणि तिथे त्यांचं काय होतं, ते पाहू.

अपील हा हक्क आहे का?

बहुतेक वेळा नाही. खालच्या कोर्टाविरुद्ध वरच्या कोर्टात जायचा हक्क कायदा देतो, पण सुप्रीम कोर्टाच्या दारात आधी परवानगी मागावी लागते.

हक्काने जाता येईल अशी प्रकरणं मोजकीच आहेत. राज्यघटनेच्या कलम 134 नुसार, खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलेल्या माणसाला हायकोर्टाने दोषी ठरवून फाशी दिली, तर त्याला थेट अपील करता येतं. 1970 च्या एका कायद्याने हा हक्क जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेपर्यंत वाढवला. त्यामागचं कारण सरळ आहे. अशा माणसाला पहिल्यांदा दोषी ठरवलं ते हायकोर्टाने, म्हणून निदान एकदा तरी त्याचं म्हणणं वर ऐकलं गेलं पाहिजे.

दिवाणी प्रकरणांसाठी कलम 133 आहे. सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मोठा प्रश्न यात आहे आणि तो सुप्रीम कोर्टानेच सोडवायला हवा, असं प्रमाणपत्र हायकोर्टाने दिलं तर अपील करता येतं. पूर्वी वादाची रक्कम वीस हजार रुपये किंवा जास्त असली, तरी हा रस्ता मोकळा व्हायचा. म्हणजे श्रीमंताच्या भांडणाला दिल्ली जवळ होती! 1972 च्या तिसाव्या घटनादुरुस्तीने ती अट काढली.

बाकी जवळपास सगळी गर्दी येते ती कलम 136 मधून. यातल्या अर्जाला ‘विशेष अनुमती याचिका’ म्हणतात. वकिलांच्या तोंडी ती ‘एसएलपी’. हायकोर्टाच्या निकालापासून साधारण 90 दिवसांत ती दाखल करावी लागते. अनुमती द्यायची की नाही, हे पूर्णपणे कोर्टाच्या हातात असतं. अपवादात्मक परिस्थितीतच ती द्यावी, असं कोर्टाने 1950 मध्येच म्हटलं होतं. नेमकी कधी द्यायची याचे नियम ठरवून टाका, अशी मागणी पुढे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठासमोर गेली. 2016 मध्ये पीठाने नकार दिला. प्रत्येक प्रकरण वेगळं, म्हणून हात बांधून घ्यायचे नाहीत, ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण त्यामुळे पक्षकाराला आपला नंबर लागेल की नाही, याचा अंदाज कधीच येत नाही.

पहिल्या पाच मिनिटांत काय होतं?

सहसा दोन न्यायमूर्तींचं पीठ असतं. फाइल त्यांनी आधी वाचलेली असते. वकील उभे राहतात, काही मिनिटं बोलतात. मग तीनपैकी एक गोष्ट होते: याचिका फेटाळली जाते, समोरच्या पक्षाला नोटीस निघते किंवा अनुमती मिळते.

कारण न देता एका ओळीत याचिका फेटाळली असेल, तर हायकोर्टाचा निकाल जसाच्या तसा लागू राहतो, पण तो सुप्रीम कोर्टाचा निकाल होत नाही. 2000 साली केरळच्या एका प्रकरणात कोर्टाने हे स्पष्ट केलं. अशा पक्षकाराला त्यानंतरही हायकोर्टात फेरविचाराचा अर्ज करता येतो.

अनुमती मिळाली की चित्र बदलतं. एसएलपीचं रूपांतर अपिलात होतं आणि त्याला नवा नंबर पडतो. आता अपील फेटाळलं, तर मात्र हायकोर्टाचा निकाल सुप्रीम कोर्टाच्या निकालात विलीन होतो. तेव्हा ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द बरोबर ठरतो.

मधल्या काळात ‘स्टे’ किंवा ‘परिस्थिती जैसे थे’ असा आदेश निघू शकतो. तो मिळाला म्हणून पेढे वाटू नयेत. निकाल लागेपर्यंत काही मोडतोड होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ असतो.

जमिनीच्या वादात कोर्ट काय पाहतं?

समजा, भावाभावांत वाटणीचा दावा आहे. तालुक्याला निकाल, जिल्हा कोर्टात पहिलं अपील, मग हायकोर्टात दुसरं अपील. या दुसऱ्या अपिलातच कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. सुप्रीम कोर्टात पोहोचेपर्यंत ‘त्या दस्तावर आजोबांची सही खरी की खोटी’ हा प्रश्न संपलेला असतो. दोन कोर्टांनी सही खरी मानली असेल, तर तिसरं कोर्ट सहसा पुन्हा पुरावा चाळत नाही. ‘नोंदणी नसलेला दस्त पुरावा म्हणून चालतो का’ हा मात्र कायद्याचा प्रश्न आहे, त्यावर ऐकलं जाऊ शकतं.

आपल्याकडे ‘सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन’ असं ऐटीत म्हणतात. जाण्याआधी वकिलाला एकच प्रश्न विचारावा: आपल्या प्रकरणात कायद्याचा मुद्दा कोणता? उत्तर गोलगोल आलं, तर खर्चाचा विचार पुन्हा करावा.

आणि फौजदारी अपिलात?

इथेही पुरावा नव्याने तोलायचा नाही, हीच रीत आहे. पण पणाला माणसाचं स्वातंत्र्य असतं, कधी जीवही. म्हणून गंभीर चूक दिसली, तर कोर्ट साक्षी-पुराव्यात खोलवर जातं. खालच्या कोर्टाने आरोपीला सोडलं असेल आणि पुराव्यातून दोन अर्थ निघत असतील, तर आरोपीच्या बाजूचा अर्थ धरला जातो. शिक्षा झालेल्याला बहुधा आधी शरण यावं लागतं, नाहीतर कोर्टाकडून तशी सूट घ्यावी लागते. त्याशिवाय याचिका नोंदवली जात नाही.

फाशीची अपिलं किमान तीन न्यायमूर्ती ऐकतात. फाशीविरुद्धची एसएलपी कारण न देता फेटाळू नये, असं 2018 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात कोर्टाने सांगितलं.

ही काळजी का, हे नाशिकच्या प्रकरणातून कळतं. 2003 मध्ये एका कुटुंबावर हल्ला होऊन पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना नाशिकच्या कोर्टाने फाशी सुनावली. मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या तिघांचीही शिक्षा वाढवून फाशी केली. म्हणजे सहाही जणांसाठी शेवटचा दरवाजा बंद झाला होता.

2014 मध्ये एका वेगळ्याच प्रकरणात कोर्टाने ठरवलं की, फाशीच्या फेरविचार याचिका खुल्या कोर्टात, तीन न्यायमूर्तींसमोर ऐकल्या पाहिजेत. एरवी फेरविचाराची याचिका न्यायमूर्ती आपल्या दालनात कागदांवरूनच पाहतात, वकिलाला बोलायला मिळत नाही. या बदलामुळे नाशिकची फाइल पुन्हा उघडली. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईंनी सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चार जणांना ओळखलं होतं, त्यांचा तपासच झाला नव्हता. मार्च 2019 मध्ये सहाही जण निर्दोष सुटले. तोवर 16 वर्षं गेली होती. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला झाला.

तीन कोर्टांनी दोषी मानलेली माणसं चौथ्या वाचनात सुटली, आणि ती सुटली पुराव्याच्या मुद्द्यावर.

निकालानंतर काही उरतं का?

फेरविचार याचिका, तीही 30 दिवसांत. ती गेली, तर 2002 मध्ये कोर्टानेच तयार केलेली ‘क्युरेटिव्ह’ याचिका. दोन्हींत यश क्वचितच मिळतं.

पैसे नसतील तर?

सुप्रीम कोर्टाची स्वतःची विधी सेवा समिती आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. कैद्याला तुरुंगातूनही याचिका पाठवता येते.

पुढच्या वेळी बातमी आली की कोर्टाच्या वेबसाइटवर मूळ आदेश उघडून पाहा. एका ओळीचा असेल, तर प्रकरण दारातूनच परत गेलंय. ‘अनुमती दिली’ असं लिहून पुढे पानंच्या पानं असतील, तर तो खरा निकाल. बऱ्याच निकालांचा मराठी अनुवादही तिथे मिळतो, फक्त कायद्याच्या कामाला इंग्रजी प्रतच ग्राह्य धरतात.