पंगत वेगळी मांडली, मग परिषदच वेगळी भरली

मागच्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीत महिला दिन झाला. गुलाबी साड्या, संगीत खुर्ची, एका काकूंचं भाषण, मग पावभाजी. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण सगळ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावश्या त्या दिवशी हॉलमागे पावभाजीच्या प्लेटा धूत होत्या. त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. मीही नाही. घरी आल्यावर हे डोक्यातून जाईना, म्हणून आजचा एपिसोड नागपूरचा.

साल १९३७, डिसेंबर महिना. अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं होतं. ही संस्था १९२७ साली पुण्यात सुरू झाली. मुलींचं शिक्षण, बालविवाहाला विरोध, मताचा हक्क, अशी तिची कामं मोठी होती. या अधिवेशनाला जाईबाई चौधरी गेल्या होत्या. या बाई कोण? लहानपणी दुष्काळामुळे घर सोडून नागपूरला आलेल्या. स्टेशनवर हमाली केलेली, ओझी वाहिलेली. पुढे एका मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे म्हणून लोकांनी आरडाओरडा केला आणि ती नोकरी गेली. मग बाईंनी १९२२ साली मुलींसाठी स्वतःच शाळा काढली, संत चोखामेळ्याच्या नावानं. म्हणजे त्या परिषदेत मानानं बसवावं अशीच ही बाई.

आणि जेवायच्या वेळी त्यांचं पान वेगळं मांडलं.

बाकी काही नाही, फक्त पान वेगळं. व्यासपीठावर समतेची भाषणं चालू असणार, आणि पंगतीत हे! नागपूरच्या अस्पृश्य समाजातल्या बायकांनी हे गिळून टाकलं नाही. जानेवारी १९३८ मध्ये लगेच निषेधाची सभा घेतली. आपली संघटना आपणच उभी करायची, हा विचार नागपूर-अमरावतीकडच्या बायकांत आधीपासून होताच. त्या पानानं त्याला धार आली, असं मला वाटतं.

आता साडेचार वर्षं पुढे जाऊ. जुलै १९४२. नागपूरच्या मोहन पार्कात १८ आणि १९ तारखेला अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद झाली. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन हा पक्ष जन्मला तो इथेच. आणि २० तारखेला, त्याच जागी, खास बायकांची परिषद. अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. स्वागताध्यक्षा कीर्तीबाई पाटील. बायका किती आल्या असतील? त्या वेळच्या नोंदींतला आकडा २० ते २५ हजारांचा आहे. ऐन पावसाळा, बस-गाड्यांची बोंब, आणि रोज बुडला की मजुरी बुडाली. तरी आल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. समाज किती पुढे गेला हे मी त्यातल्या बायका किती पुढे गेल्या यावरून मोजतो, हा त्यांचा विचार आज पोस्टरवर दिसतो ना, तो याच भाषणातला. त्यांचं बाकीचं बोलणं मात्र अगदी घरातलं होतं. मुलींच्या लग्नाची घाई करू नका. मुलं थोडी होऊ द्या. बायकोनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीनं उभं राहावं, दासी म्हणून नाही.

भाषण गाजलं, ठीकच. पण मला विचाराल तर त्या दिवसाचा खरा ऐवज आहे ठरावांमध्ये. काय मागितलं बघा. नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा कायदेशीर हक्क. पुरुषाला एका बायकोवर दुसरी करता येऊ नये असा कायदा. गिरणीत, विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या बायकांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, कामावर इजा झाली तर भरपाई, आणि २० वर्षं नोकरी झाली की महिना किमान १५ रुपये पेन्शन. गिरणीत बायकांवर देखरेख करायला बाईच नेमा. मुलींसाठी वसतिगृहं काढा. आणि कायदेमंडळांत आमच्या बायकांना राखीव जागा द्या.

वर्ष लक्षात आहे ना? १९४२! स्वातंत्र्य अजून पाच वर्षं लांब. आणि पेन्शनचा आकडासुद्धा ठरवून आलेल्या या बायका. दिवसभर विड्या वळून बोटं दुखतात ती आपलीच, हे माहीत असलेल्या माणसालाच अशी मागणी सुचते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना लुगडं कसं नेसायचं, दागिने कोणते टाकायचे हे सांगितलं होतं. तेव्हा त्या ऐकायला बसल्या होत्या. पंधरा वर्षांनी अध्यक्षा त्यांच्यातलीच.

पुढे काय झालं? त्याच जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. घटस्फोट आणि एकपत्नीत्व हिंदू कोड बिलात आलं. बिल लटकलं, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचं हे एक मोठं कारण. शेवटी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात त्या दोन्ही गोष्टी मिळाल्या. तेरा वर्षं. विधानसभा आणि लोकसभेतल्या महिलांच्या राखीव जागांसाठी घटनादुरुस्ती व्हायला २०२३ उजाडलं. अनुसूचित जातींच्या जागांमध्येही एक तृतीयांश बायकांना, असं त्यात आहे. हिशेब केला तर ८१ वर्षं. आणि तेही आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, यांना बांधलेलं.

एवढं सगळं आपल्या शाळेच्या पुस्तकात होतं का हो? माझ्या तरी नव्हतं. हे कळतं ते मुख्यतः ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्यामुळे. चळवळीतल्या म्हाताऱ्या झालेल्या बायकांना गाठून त्यांच्याशी बोलून, जुने कागद शोधून त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं, १९८९ साली. एरवी यातली बरीच नावं त्या बायकांबरोबरच गेली असती.

सोसायटीच्या ग्रुपवर मी परवा मेसेज टाकलाय, पुढच्या आठ मार्चला मावश्यांनाही बोलवू या म्हणून. दोन अंगठे आलेत. एकीनं विचारलंय, 'मग प्लेटा कोण धुणार?'